पत्ता सरांचाच, मेल मात्र चोराचा : मेल सर्व्हरवर डीमार्क फिल्टर कसा बसवायचा?

मी मोहन्यात राहतो. आमच्या गल्लीत दहावी-बारावीचा एक क्लास आहे, मी स्वतः तिथेच शिकलोय. काही वर्षांपूर्वी सरांनी विचारलं, "क्लासच्या नावाचा ई-मेल करून देशील का रे?" मी तेव्हा नुकताच लिनक्स सर्व्हर हाताळायला शिकलो होतो, अंगात उत्साह होता. डोमेन घेतलं, एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर पोस्टफिक्स चढवलं. पालकांना फीच्या पावत्या, चाचणीचे मार्क, सुट्टीच्या सूचना सगळं क्लासच्या पत्त्यावरून जायला लागलं. सर खूश, मीही खूश.

गेल्या वर्षी जूनमध्ये काही पालकांना मेल आला. पाठवणारा म्हणून क्लासचाच पत्ता. 'आजच्या आज फी भरल्यास सवलत', आणि खाली क्यूआर कोड. एका काकांनी साडेसहा हजार भरले. एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, तेव्हापासून ते रिक्षा चालवतात, आंबिवली स्टेशनच्या स्टँडवर उभे असतात. दुसऱ्या दिवशी ते पावती मागायला क्लासमध्ये आले आणि सगळा प्रकार उघडकीला आला. त्यांनी सरांसमोर फोन धरला. "सर, पत्ता तुमचाच आहे ना? मग पैसे गेले कुठे?"

सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला फोन लावला.

माझा पहिला अंदाज होता की सर्व्हर हॅक झाला. रात्री बसून लॉग चाळले, तर तो मेल आमच्या सर्व्हरवरून गेलाच नव्हता. कोणीतरी भलत्याच सर्व्हरवरून, पाठवणाऱ्याच्या जागी आमचा पत्ता लिहून तो पाठवला होता. असे मेल थांबवायची सोय असते. ती मी केली नव्हती. म्हणजे केली होती, पण अर्धी. ही अर्धी सोय पुरत नाही हेच मला माहीत नव्हतं, आणि या लेखातला बराचसा भाग त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

(तुमच्या घरी असं काही झालं तर आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त. काकांचा एक दिवस पावतीची वाट बघण्यात गेला.)

मुळात हे शक्य का होतं?

ई-मेल ज्या पद्धतीने एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जातो तिला एसएमटीपी म्हणतात. तिचा मूळ मसुदा ऑगस्ट १९८२ चा आहे, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला. तेव्हाच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे 'मी अमुक बोलतोय' असं कोणी म्हटलं तर ते तपासायची तरतूदच त्यात नाही. फ्रॉम या ओळीत पाठवणारा जे टाइप करेल ते समोरच्याला दिसतं. आज आपण फोनवर जो मेल वाचतो त्याच्या पोटात अजून हीच पद्धत आहे.

अजून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझी चूक तिथेच झाली. मेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक लिफाफ्यावरचा, दुसरा आतल्या कागदावरचा. लिफाफ्यावरचा पत्ता फक्त सर्व्हर एकमेकांशी बोलताना वापरतात, मेल पोचला नाही तर तो त्या पत्त्यावर परत जातो. आतल्या कागदावरचा पत्ता म्हणजे फ्रॉम, जो तुम्हाला स्क्रीनवर दिसतो. आपल्याकडे टपाल आलं की आपण लिफाफा फाडून टाकतो आणि लेटरहेड बघतो, तसंच. हे दोन पत्ते एकच असायला हवेत असा नियम एसएमटीपीत कुठेही नाही.

एसपीएफ : माझं अर्धं काम

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी : आमच्या नावाने मेल फक्त या सर्व्हरवरून निघतात. ही यादी डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड म्हणून ठेवतात. डीएनएस म्हणजे इंटरनेटची उघडी नोंदवही. सातबारा जसा कोणीही ऑनलाइन बघू शकतो, पण त्यावर नाव चढवणं कोणाच्याही हातात नसतं, तसं. मेल घेणारा सर्व्हर ही नोंद बघतो, आलेल्या सर्व्हरचा आयपी त्यात आहे का ते तपासतो.

आमची नोंद अगदी साधी : 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल'. (इथे मी उच्चार लिहितोय. प्रत्यक्षात हे सगळं रोमन लिपीतच टाकायचं असतं.) अर्थ : डोमेनचे मेल घेणारे जे सर्व्हर आहेत तेच पाठवतातही, बाकी सगळे नाकारा. दोन गोष्टी सांभाळा. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी, दोन टाकल्या तर तपासणारा दोन्ही बाद करतो. आणि नोंद तपासताना लागणाऱ्या डीएनएस चौकशांना १० ची मर्यादा आहे. प्रत्येक नवीन सेवेचा 'इन्क्लूड' जोडत गेलात की ती कधी ओलांडली ते कळतही नाही.

हे मी पहिल्याच दिवशी केलं होतं. मग चोराचा मेल पोचला कसा?

काकांच्या मेलचं मूळ रूप उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : एसपीएफ पास. मी दोनदा वाचलं. मग वरची रिटर्न-पाथची ओळ बघितली आणि उलगडा झाला. लिफाफ्यावर चोराने स्वतःचंच डोमेन घातलं होतं. त्या डोमेनची एसपीएफ यादी बरोबर होती, मेल त्याच यादीतल्या सर्व्हरवरून आला होता, तपासणी रीतसर पास. आत कागदावर मात्र फ्रॉम म्हणून क्लासचा पत्ता. एसपीएफ फक्त लिफाफा बघतं. माणूस फक्त लेटरहेड बघतो. या दोघांच्या मधल्या फटीतून साडेसहा हजार गेले.

डीकेआयएम : मुद्रा आणि मोर्तब

डीकेआयएम आतल्या कागदाशी संबंधित आहे. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक पद्धत एकत्र करून हे बनवलं गेलं आणि २००७ साली मानक म्हणून आलं. पाठवणारा सर्व्हर मेलच्या मजकुराचा आणि फ्रॉम, विषय, तारीख अशा ओळींचा गणिती गोषवारा काढतो, त्यावर आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि ती सही मेलच्या माथ्यावर चिकटवतो. जोडीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. घेणारा ती काढून सही पडताळतो. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही.

शिवकाळातली पत्रं बघितली असतील तर हे लगेच समजेल. वर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मर्यादा मुद्रा, म्हणजे मोर्तब, जेणेकरून खाली कोणाला दोन ओळी घुसडता येऊ नयेत. डीकेआयएममध्ये 'एल' नावाचा एक ऐच्छिक टॅग आहे. त्याने 'पहिली इतकीच अक्षरं सहीत धरा' असं सांगता येतं, म्हणजे मोर्तब मधेच उठवून खालचा कागद कोरा सोडायचा. तो टॅग वापरू नका. खाली कोणीही काहीही जोडेल आणि सही तरीही खरी ठरेल.

आता प्रत्यक्ष बसवणं. पोस्टफिक्सला बाहेरचा फिल्टर जोडायच्या सोयीला मिल्टर म्हणतात. ही मूळची सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरची कल्पना, पोस्टफिक्सने २.३ आवृत्तीपासून घेतली. मेल येत असतानाच पोस्टफिक्स तो मिल्टरला दाखवतो. मिल्टर म्हणतो घे, नको घेऊ, किंवा ही ओळ जोड. सहीसाठीचा मिल्टर आहे ओपन-डीकेआयएम. उबुंटू किंवा डेबियनवर तो नेहमीच्या एपीटीने बसतो. सोबत येणाऱ्या 'ओपनडीकेआयएम-जेनकी' या आज्ञेने किल्ल्यांची जोडी बनवायची. तिला डोमेन, सिलेक्टर म्हणजे किल्लीचं नाव, आणि किल्लीची लांबी सांगावी लागते.

लांबी २०४८ बिट ठेवा. का, त्याचा एक किस्सा आहे. २०११ साली अमेरिकेतल्या झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला गूगलकडून नोकरीबद्दल मेल आला. त्याने संशयाने मेलची सही तपासली, तर किल्ली फक्त ५१२ बिटची. त्याला वाटलं ही मुद्दाम ठेवलेली परीक्षाच असणार. त्याने भाड्याच्या क्लाउड संगणकांवर ती किल्ली फोडली आणि गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या नावाने दुसरे संस्थापक लॅरी पेज यांना मेल पाठवला. उत्तर आलं नाही, पण दोन दिवसांत गूगलची किल्ली बदलून २०४८ बिटची झाली. ही बातमी पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वायर्ड मासिकाने छापली.

२०४८ बिटच्या किल्लीची एक डोकेदुखी आहे. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका अवतरणात २५५ पेक्षा जास्त अक्षरं बसत नाहीत, आणि ही किल्ली त्याहून लांब असते. त्यामुळे ती दोन-तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वेगळ्या अवतरणचिन्हांत, अशी टाकावी लागते. काही डोमेन विक्रेत्यांचं पॅनेल हे आपोआप करतं, काहींचं शेपूट गुपचूप कापतं. माझं कापलं गेलं होतं. सही पडत होती, जुळत नव्हती, आणि मी सगळी सेटिंग तीनदा तपासून शेवटी डीएनएसकडे वळलो. नोंद टाकली की लगेच 'डिग' या आज्ञेने बाहेरून वाचून बघा आणि शेवटची अक्षरं जुळतात का ते डोळ्यांनी पडताळा.

तपासायला 'ओपनडीकेआयएम-टेस्टकी' आहे. तिने 'की नॉट सिक्युअर' असं म्हटलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या डोमेनला डीएनएससेक हे वेगळं संरक्षण नाही. शेवटी 'की ओके' आलं की पुरे. पण लॉगमध्ये 'की डेटा इज नॉट सिक्युअर' आलं तर ती वेगळी गोष्ट आहे : खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येतेय. फाइलचा मालक 'ओपनडीकेआयएम' हा युजर करा आणि परवानगी ६०० ठेवा. दोन्ही वाक्यं जवळपास सारखी, अर्थ पूर्ण वेगळे. एक संध्याकाळ मी पहिल्याच्या मागे घालवली.

कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मोड 'एसव्ही' ठेवा, म्हणजे जाणाऱ्यावर सही आणि येणाऱ्याची पडताळणी दोन्ही होतं. कॅनोनिकलायझेशन 'रिलॅक्स्ड/रिलॅक्स्ड', म्हणजे वाटेत एखादी जागा कमी-जास्त झाली तर सही मोडत नाही. सॉकेट 'आयनेट:८८९१@लोकलहोस्ट' असा पोर्टवर द्या. बऱ्याच मार्गदर्शिका फाइल सॉकेट सांगतात, पण डेबियन-उबुंटूवर पोस्टफिक्सचा बराचसा भाग स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये चालतो आणि त्याला बाहेरची ती फाइल दिसतच नाही. पोर्ट दिला की हा प्रश्नच मिटतो.

डीमार्क : दोघांना जोडणारा नियम

इथपर्यंत येऊनही चोर अडत नाही! त्याचा मेल बिनसहीचा, इतकंच. बिनसहीचा मेल फेकून द्या असं आपण जगाला कुठे सांगितलंय?

ते डीमार्क सांगतं. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल वगैरे कंपन्यांनी जानेवारी २०१२ मध्ये ही योजना जाहीर केली. तिचं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला : एसपीएफ किंवा डीकेआयएम पास होणं पुरेसं नाही, जे डोमेन पास झालं ते वाचकाला दिसणाऱ्या फ्रॉमच्या डोमेनशी जुळलं पाहिजे. याला अलाइनमेंट म्हणतात, आणि माझ्या मते संपूर्ण विषयातला हाच एक शब्द पाठ करण्यासारखा आहे. चोराचा एसपीएफ पास झाला, पण चोराच्या डोमेनसाठी. फ्रॉममध्ये क्लासचं डोमेन. जुळत नाही, म्हणून डीमार्क नापास.

दुसरा भाग : नापास झालेल्याचं काय करायचं ते मालकाने सांगायचं. डोमेनच्या आधी 'अंडरस्कोर डीमार्क' लावून त्या नावाने एक टीएक्सटी नोंद करायची : 'व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:' आणि पुढे तुमचा अहवाल घ्यायचा पत्ता. 'पी' म्हणजे धोरण. 'नन' : काही करू नका, फक्त कळवा. 'क्वारंटाइन' : स्पॅममध्ये टाका. 'रिजेक्ट' : दारातूनच परत पाठवा.

रागाच्या भरात मी पहिल्याच रात्री थेट 'रिजेक्ट' टाकणार होतो. ऑफिसमधल्या एका सीनियरने थांबवलं. "आधी दोन आठवडे नन ठेव. तुझ्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते तुलाच माहीत नसतं." बरोबर निघालं. गूगलसारखे मोठे मेलवाले रोज एक दाबलेली एक्सएमएल फाइल पाठवतात : कुठल्या आयपीवरून तुमच्या नावाचे किती मेल आले, एसपीएफचं काय झालं, डीकेआयएमचं काय झालं. त्या अहवालात दिसलं की चाचणीचे मार्क पाठवायला सरांनी एक ऑनलाइन सेवा लावली होती, तीही फ्रॉममध्ये क्लासचा पत्ता घालत होती, आणि तिची सही तिच्या स्वतःच्या डोमेनची होती. मी 'रिजेक्ट' लावलं असतं तर चोराबरोबर मार्कांचे मेलही गेले असते. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये 'आपलं डोमेन वापरा' असा पर्याय होता. तिने दिलेल्या नोंदी डीएनएसमध्ये टाकल्या, मग तिची सही आमच्या डोमेनची झाली. नंतर क्वारंटाइन, आणि जुलै संपताना रिजेक्ट.

घाई केली की काय होतं याचं मोठं उदाहरण याहूचं आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी आपल्या डोमेनचं धोरण 'रिजेक्ट' केलं. एका पत्त्यावर लिहिलेला मेल जिथे सगळ्या सदस्यांना जातो, अशा जुन्या मेलिंग यादीवर याहूच्या कोणी लिहिलं की यादीचा सर्व्हर विषयात किंवा तळाशी काहीतरी जोडून तो पुढे पाठवायचा. सही मोडायची, लिफाफा बदललेला असायचा, आणि इतरांचे सर्व्हर तो मेल परत फेकायचे. नुसत्या फॉरवर्डिंगमध्ये एसपीएफ तुटतं, पण मजकूर न बदलता पाठवलं तर डीकेआयएम टिकतं. म्हणून दोन्ही लावा. एकाने भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आपल्या दारावरचा फिल्टर

हे सगळं आमच्या नावाने दुसऱ्यांकडे जाणाऱ्या मेलचं. आमच्याकडे येणाऱ्यांचं काय? मी दुसऱ्या एका सर्व्हरवरून, सरांच्या नावाने, क्लासमध्ये हिशोब बघणाऱ्या ताईंना मेल पाठवून बघितला. आमच्या सर्व्हरने तो निमूट घेतला. आपण जगाला 'रिजेक्ट' सांगितलं होतं आणि स्वतःच ती नोंद वाचत नव्हतो.

यासाठी ओपन-डीमार्क हा दुसरा मिल्टर. सॉकेट ८८९३ पोर्टवर ठेवला. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये 'एसएमटीपीडी_मिल्टर्स' या ओळीत आधी डीकेआयएमचा पत्ता आणि मग डीमार्कचा. क्रम महत्त्वाचा, कारण डीमार्क मिल्टर स्वतः सही पडताळत नाही. आधीच्याने मेलच्या माथ्यावर लिहिलेला निकाल वाचतो. हा निकाल 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या ओळीत, सर्व्हरच्या नावासकट असतो. दोन्ही मिल्टरना हे नाव, म्हणजे 'ऑथसर्व्ह-आयडी', एकच द्या. नाहीतर दुसरा पहिल्याचा निकाल परका समजून सोडून देतो. हुशार चोर 'डीमार्क पास' अशी ओळ स्वतःच लिहून पाठवू शकतो, म्हणून परक्या नावाच्या निकालावर विश्वास न ठेवणं हे योग्यच आहे.

'नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स' या ओळीतही डीकेआयएम घाला. सर्व्हरवरच्याच एखाद्या स्क्रिप्टमधून निघणारे मेल, आमच्याकडे फीच्या पावत्या, या वाटेने जातात. ही ओळ विसरलात तर त्या बिनसहीच्या जातील.

ओपन-डीमार्कच्या फाइलमध्ये तीन गोष्टी. 'एसपीएफ-सेल्फ-व्हॅलिडेट' चालू करा, म्हणजे एसपीएफ तो स्वतः तपासेल. 'रिजेक्ट-फेल्युअर्स' मुळात बंद असतं, त्यामुळे तो फक्त शेरा लिहितो, अडवत नाही. काही दिवस तसंच ठेवून लॉग बघा, मग चालू करा. आणि तिसरी, जी मला कोणी सांगितली नव्हती : 'इग्नोअर-ऑथेंटिकेटेड-क्लायंट्स' चालू हवंच. मी ते केलं नव्हतं. 'रिजेक्ट' चालू केल्यावर दहा मिनिटांत सरांचा फोन : "अरे, माझ्या मोबाइलवरून मेलच जात नाहीये!" झालं असं की सर फोनवरून पासवर्ड देऊन मेल पाठवतात, तेव्हा त्यांचा आयपी मोबाइल कंपनीचा असतो. तो एसपीएफच्या यादीत नाही, आणि जाणाऱ्या मेलवर सही होते, पडताळणी होत नाही. मग आमच्याच फिल्टरने सरांनाच चोर ठरवलं. हे सेटिंग चालू केलं की पासवर्ड देऊन आलेल्यांना तो तपासत नाही.

एका मुद्द्यावर माझं मत बऱ्याच मार्गदर्शिकांच्या उलट आहे. 'मिल्टर_डिफॉल्ट_अॅक्शन' म्हणजे मिल्टर बंद पडला तर काय करायचं. बहुतेक जण 'अॅक्सेप्ट' लिहा म्हणतात, म्हणजे मेल अडत नाहीत. पण मग मेल बिनसहीचे, बिनतपासणीचे जात-येत राहतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मी पोस्टफिक्सचं मूळचं 'टेम्पफेल' ठेवलंय. बाहेरचा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, मेल हरवत नाही, आणि आपल्या फोनवर लगेच एरर दिसते. आरडाओरडा करणारा बिघाड मला गप्प राहणाऱ्या बिघाडापेक्षा बरा वाटतो.

आज नव्याने सुरुवात करणार असाल तर हे दोन मिल्टर बसवण्याऐवजी आरस्पॅमडी बघा. सही, एसपीएफ, डीमार्क आणि स्पॅमची गाळणी सगळं एकात आहे, पोस्टफिक्सला तोही मिल्टर म्हणूनच जोडतात. आणि स्वतःचा सर्व्हर नको असेल तर तयार मेलसेवा घ्या. तरी डीएनएसमधल्या तिन्ही नोंदी तुम्हालाच टाकाव्या लागतात, त्यातून सुटका नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही मागतात. आमच्यासारख्या छोट्यांनाही किमान एक तरी हवंच, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो.

ज्या डोमेनवरून तुम्ही मेल पाठवतच नाही त्याचंही दार लावून घ्या : एसपीएफ नुसतं 'व्ही=एसपीएफ१ -ऑल' आणि डीमार्क 'रिजेक्ट'. क्लासचं एक जुनं, वेबसाइटपुरतं घेतलेलं डोमेन होतं. ते मला सर्वात शेवटी आठवलं.

फोनवर कसं ओळखायचं?

सर्व्हर तुमच्याकडे नसला तरी एवढं करता येतं. जीमेल अॅपमध्ये मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालचा बाण दाबा, मग सुरक्षेचे तपशील बघा. 'मेल्ड बाय' म्हणजे लिफाफ्यावरचं डोमेन, 'साइन्ड बाय' म्हणजे सही करणारं. दोन्हींपैकी एकही फ्रॉमशी जुळत नसेल तर थांबा. नावाशेजारी फोटोऐवजी प्रश्नचिन्ह असेल तर पाठवणारा कोण हे जीमेललाच पटलेलं नाही. पूर्ण निकाल हवा असेल तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून जीमेल उघडा, तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींचे निकाल असतात. डीमार्कची ओळच नसेल, तर आमच्या डोमेनसारखी गत : मालकाने धोरण जाहीरच केलेलं नाही.

डीमार्कने एक गोष्ट अजिबात थांबत नाही. एखाद्याने सरांचं नाव आणि स्वतःचा साधा जीमेल पत्ता वापरला, किंवा क्लासच्या डोमेनमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे करून नवं डोमेन घेतलं, तर त्याच्या सगळ्या तपासण्या प्रामाणिकपणे पास होतील. फोनच्या यादीत तर नुसतं नावच दिसतं. बँकांच्या बाबतीत यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये फक्त बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन जाहीर केलं आणि सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडेच होते, त्यामुळे असं नाव कोणालाही दुकानातून विकत घेता येत नाही. गल्लीतल्या क्लासना अशी सोय नाही.

ऑगस्टमधल्या एका अहवालात एका परक्या आयपीवरून आमच्या नावाचे सतरा मेल दिसले. एसपीएफ जुळत नाही, सही नाही, निकाल 'रिजेक्ट'. मी ती ओळ सरांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली. "म्हणजे कोणाला गेले नाहीत ना?"

"या अहवालातले तरी नाही, सर."

काकांचे साडेसहा हजार परत आले नाहीत. सरांनी मुलाची फी पुन्हा मागितली नाही, आणि त्या वर्षी मी सर्व्हरचं भाडं सरांकडून घेतलं नाही. काका अजूनही क्लासचा खरा मेल आला तरी आधी सरांना फोन करतात, आणि सर मला.